पाठीमागचा माल आपला: ट्रेलरवर नव्याने लागणाऱ्यांचे प्रश्न

गेल्या अंकात ट्रेलरच्या नोकरीबद्दल चार ओळी लिहिल्या आणि पत्रं, मेसेज यांचा नुसता पाऊस पडला. बहुतेक सगळे आपल्या कोकणातलेच, पेणपासून पार बांद्यापर्यंतचे. कोणी डंपरवर आहे, कोणी टेम्पोवर, कोणी आंब्याच्या सीझनपुरती गाडी चालवणारा, आणि सगळ्यांची धास्ती एकच, कंपनीने ओरिएंटेशनला, म्हणजे नव्यांना शिकवून पारखतात त्या पहिल्या दिवसांना, बोलावलंय म्हणजे नेमकं काय करणार? बोलतोय ते फ्लॅटबेडबद्दल, म्हणजे ज्या ट्रेलरला फालके म्हणजे बाजूच्या फळ्या नाहीत, छप्पर नाही, नुसती सपाट पाट असते आणि तिच्यावर कॉइल, पाइप, प्लेटा, मशिनरी काय वाट्टेल ते चढतं. मी स्वतः सव्वीस वर्षं हेच केलं आणि आता नव्या मुलांना यार्डात शिकवतो, त्यामुळे जे डोळ्यांनी बघितलंय तेच सांगतो.

प्रश्न: काका, मी २४ वर्षांचा आहे, तीन वर्षं खडीचा डंपर चालवतोय. पेणजवळच्या एका ट्रेलर कंपनीने पाच दिवसांच्या ओरिएंटेशनला बोलावलंय. मित्र म्हणतात की नुसत्या सह्या घेतात आणि चहा पाजतात. खरं काय असतं? काय तयारी करू?
*एक वाचक, सावर्डे*

मित्रांचं निम्मं खरं आहे रे. सह्या असतात आणि भरपूर असतात. पण समोर आलेला कागद वाचल्याशिवाय सही करायची नाही हे आधी डोक्यात पक्कं कर. पगार किती, भत्ता ट्रिपवर की किलोमीटरवर, टायर फुटला किंवा माल खराब झाला तर पैसे कोणाचे कापणार, डिपॉझिट घेतलं असेल तर नोकरी सोडताना परत कधी मिळणार, ही कलमं शोधून काढ. कागद इंग्रजीत असेल तर सरळ म्हण, साहेब मला मराठीत समजावून सांगा. ते सांगतात. मुलंच विचारत नाहीत.

लायसन्स आजच काढून बघ. ट्रान्स्पोर्टचं लायसन्स वयाची २० पूर्ण झाल्यावर मिळतं आणि त्याआधी हलक्या गाडीचं वर्षभर हातात असावं लागतं, तुझं ते सगळं झालेलं आहे. पण कार्डावर मुदतीच्या तारखा दोन असतात, हलक्या गाडीची वेगळी आणि ट्रान्स्पोर्टची वेगळी, आणि ट्रान्स्पोर्टची पाच-पाच वर्षांनी संपते. पोरं लांबची तारीख बघून निवांत राहतात आणि कंपनीच्या गेटवर कळतं की ट्रान्स्पोर्टचं संपून चार महिने झालेत. माझ्यासमोर अशी तीन मुलं बॅग घेऊन परत गेलीत, एक तर रात्रभर एसटीत बसून कणकवलीहून आला होता, फार वाईट वाटलं. शिक्षणाची चिंता करू नको, आठवी पासची अट २०१९ मध्ये काढून टाकलीय.

मग मेडिकल. डोळे, रंग ओळखता येतात का, कान, बीपी, शुगर. चष्मा असेल तर लावूनच जा, लपवू नको, चष्म्याने नोकरी जात नाही, लपवल्याने जाते. आदल्या रात्री मित्रांबरोबर बसायचं नाही. कायद्यात १०० मिली रक्तात ३० मिलिग्रॅम अल्कोहोल ही मर्यादा आहे आणि पहिल्याच वेळी सापडलास तर १०,००० पर्यंत दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही, पण कंपनीच्या गेटवर मर्यादा शून्य असते. सकाळी सात वाजता फुंकायला लावलं आणि रात्रीचं अजून उतरलेलं नाही, असे किती गेले.

आणि आधी कुठे गाडी ठोकली असेल तर विचारल्यावर खरं सांग. आपल्याकडे सगळे एकमेकांना ओळखतात, डंपरचा मालक कुणाचा तरी साडू निघतो, दुपारपर्यंत फोन फिरतो. ठोकलेल्याला घेतात. खोटं बोललेल्याला घेत नाहीत.

आता मुख्य गोष्ट, रोड टेस्ट. मुलांना वाटतं गाडी कशी पळवतो ते बघणार. ट्रेनरचं लक्ष तू केबिनमध्ये चढायच्या आधीच सुरू झालेलं असतं. गाडीला एक पूर्ण फेरी मारलीस का, टायरला हात लावलास का, नट बघितलेस का, खाली तेल गळतंय का ते वाकून बघितलंस का, एअर टँकचं पाणी सोडलंस का. आपल्या दमट हवेत टँकमध्ये पाणी लवकर साचतं आणि ते ब्रेकच्या लाइनमध्ये गेलं की हळूहळू व्हॉल्व्ह खातं. डंपरला जी गोष्ट नव्हती ती म्हणजे जोड. घोडा, म्हणजे ओढणारी पुढची गाडी, मागे घेऊन ट्रेलरला लावलास की ट्रेलरखालचा किंग पिन घोड्याच्या लॉकमध्ये बसलाय का ते टॉर्च मारून डोळ्यांनी बघायचं, हवेचे पाइप आणि लाइटची वायर जोडायची, मग ट्रेलरचे ब्रेक धरून घोडा हलकेच पुढे ओढून बघायचा, आणि जोड पक्का आहे याची खात्री झाल्यावरच ट्रेलरचे आधाराचे पाय वर घ्यायचे. हा क्रम चुकला आणि ट्रेलर यार्डातच नाकावर बसला असं मी दोनदा पाहिलंय, भरलेला होता त्यातला एक.

वळताना ट्रेलरची मागची चाकं घोड्याच्या मागे मागे येत नाहीत, आतून येतात. पेणच्या बाजारात डावीकडे वळताना तुझा घोडा मोकळ्या रस्त्यात असेल पण ट्रेलर फुटपाथवर चढेल, आणि त्या आतल्या जागेत नेमका कुणीतरी स्कूटरवाला घुसलेला असतो. आरशात बघायचं, परत बघायचं, मगच वळायचं.

बाकी दुपारी वर्गात बसवून जीपीएस, कॅमेरा, डिझेल कार्ड, ई-वे बिल, फास्टॅग हे सांगतात, ते दोन दिवसांत जमतं. चामड्याचे बूट ने, चप्पल घालून गेटच्या आत सोडत नाहीत. जूनमध्ये जातोयस तर रेनकोट आणि दोन जोड कपडे जास्त घे, यार्डात तू सुका राहणार नाहीस.

प्रश्न: ओरिएंटेशनमध्ये म्हणे माल बांधायची परीक्षा घेतात. मी आजवर फक्त रस्सा बांधलाय, चेन आणि रॅचेट, म्हणजे बेल्ट आवळायचा खटका, कधी हातात धरलं नाही. कॉइलची तर भीतीच वाटते. थोडं नीट सांगाल का?
*एक वाचक, माणगाव*

कॉइलची भीती वाटते हे वाचून मला बरं वाटलं, खरंच. ती वाटलीच पाहिजे.

आधी माझं सांगतो. १९९८ साली मी नवीन होतो, ज्या मालकाकडे लागलो तिथे ओरिएंटेशन हा शब्दही कुणाला माहीत नव्हता. लोखंडी पाइप भरले, दोन ठिकाणी रस्सा मारला, वस्ताद म्हणाला चल. हातखंब्याच्या अलीकडे समोर गुरं आली, मी जोरात ब्रेक मारला, गाडी थांबली पण पाइप थांबले नाहीत. मधले दोन पाइप सरकत आले आणि केबिनचा मागचा पत्रा फाडून आत घुसले, बरोबर त्या बाकावर जिथे आमचा क्लीनर झोपायचा. पाच मिनिटांपूर्वी तो पुढे येऊन माझ्या बाजूला बसला होता म्हणून वाचला. त्या रात्री मला जेवण गेलं नाही. तेव्हापासून माझ्या हाताखाली आलेल्या प्रत्येक मुलाला मी एकच सांगतो, स्टिअरिंग तुला येतंय म्हणूनच तुला बोलावलंय, इथे शिकायचंय ते पाठीमागचं. सपाट ट्रेलरला भिंत नाही, तू बांधशील तीच भिंत.

आता कॉइल. पत्र्याचं मोठं रीळ समज, एकेकाचं वजन दहा, पंधरा, वीस टनसुद्धा असतं. डोलवीला धरमतरच्या खाडीकाठी स्टीलचा मोठा कारखाना आहे, त्यामुळे आपल्या पेण-वडखळ पट्ट्यात ट्रेलरवर कॉइल रोजच्या दिसतात, चहा पिता पिता नीट बघ. कॉइलच्या भोकाचं तोंड कुठे आहे त्यावर सगळं ठरतं. भोक बाजूला, म्हणजे रस्त्याच्या कडेकडे असेल तर ब्रेक मारल्यावर ती चाकासारखी पुढे गडगडायला बघते, थेट तुझ्या पाठीवर. भोक पुढे-मागे असेल तर ती वळणावर बाजूला गडगडते, तुझ्याऐवजी शेजारून जाणाऱ्यावर. भोक आभाळाकडे असेल तर गडगडत नाही पण आख्खी सरकते, आणि उंच असेल तर कलंडते. म्हणून कॉइलसाठी ट्रेलरच्या मधोमध व्ही आकाराचा खळगा केलेला असतो किंवा लोखंडी पाळणा ठेवतात. नुसती लाकडाची उटी, म्हणजे अडणीची पाचर, लावून वीस टन थांबत नाही, उटी निसटली की खेळ संपला, उटी पाटाला पक्की हवी आणि चेन वेगळी हवी. चेन भोकातून घालून पुढच्या बाजूला आणि मागच्या बाजूला, दोन्हीकडे ओढलेली पाहिजे. बरीच मुलं वरून एक चेन टाकून आवळतात आणि समाधानी होतात, ती चेन खाली दाबते, पुढे जाणाऱ्याला मागे ओढत नाही.

किती जोर लागतो त्याचा अंदाज यावा म्हणून सांगतो. अमेरिकेच्या नियमात असं आहे की बांधणी अशी हवी की पुढच्या दिशेने मालाच्या वजनाच्या ८० टक्के आणि बाजूला व मागे ५० टक्के जोर आला तरी माल धरून राहिला पाहिजे. म्हणजे २० टनाची कॉइल असेल तर ब्रेक मारताना १६ टनांचा धक्का धरायची तयारी. आता त्या माझ्या दोन रश्शांचा विचार कर.

चेन किंवा बेल्ट वरून टाकतोस तेव्हा तो जितका उभा तितका दाब जास्त. माल ठेंगणा असला आणि बेल्ट जवळजवळ आडवा, ३० अंशात गेला, तर तू रॅचेटवर जेवढा ताण दिलास त्याच्या निम्माच दाब मालावर पडतो. म्हणून ठेंगण्या रुंद मालाला बेल्ट जास्त लागतात, कमी नाही. पाट ओला, तेलकट असला तर माल साबणावर ठेवल्यासारखा. भरायच्या आधी पाट झाडून घे आणि यार्डात रबराच्या मॅट असतील तर मागून घेऊन खाली घाल, त्याने फार फरक पडतो.

प्लेटांच्या कडेवर बेल्ट नुसता टाकायचा नाही, कडेला गार्ड लावायचाच. गाडी हादरते, कड करवतीसारखी चालते, आणि घाट चढेपर्यंत बेल्ट अर्धा कापला गेलेला असतो. फाटलेला बेल्ट गाठ मारून वापरायचा नाही. चेनची कडी तुटली म्हणून मध्ये नट-बोल्ट घालायचा नाही. बेल्टवर क्षमतेची चिठ्ठी शिवलेली असते, ती नसेल तर तो बेल्ट घेऊ नको, दुसरा दे म्हणून सांग. यासाठी कोणी रागावला तर रागावू दे.

आणि बांधून झालं म्हणजे झालं असं नाही. माल बसतो, लाकूड दबतं, चेन सैल पडते. वडखळहून निघालास तर नागोठण्याच्या आसपास, किंवा जिथे पहिला चहा घेशील तिथे, चहाच्या आधी गाडीला फेरी मारून प्रत्येक चेन हाताने हलवून बघायची. मग दर थांब्याला. परीक्षेत हा प्रश्न हमखास येतो, निघाल्यावर पहिल्यांदा कधी तपासशील.

माल मागे, बाजूला किंवा उंचीला ठरलेल्या मापाबाहेर गेला तर मोटार वाहन कायद्याने २०,००० दंड आहे आणि माल उतरवायचा खर्च वेगळा. ओव्हरलोडला २०,००० आणि वरच्या प्रत्येक टनाला २,०००. पावती कोणाच्या नावाने फाडतात आणि भरतो कोण, हे पहिल्याच दिवशी विचारून ठेव. काट्यावर वजन केल्याशिवाय यार्ड सोडू नको.

ताडपत्रीचंही सांगतो कारण कोकणात तिच्यावाचून चालत नाही, पावसात आणि खाऱ्या वाऱ्यात पत्र्याला एका रात्रीत गंज धरतो आणि समोरचा माल घेत नाही. ताडपत्री जड असते, ओली झाली की दोघांनाही आवरत नाही. वर चढून ओढताना उलटं, पाठीमागे चालत जायचं नाही, आमच्या धंद्यात कंबर आणि हात मोडतात ते जास्त करून इथेच, रस्त्यावर नाही. शिडी वापर. ओल्या पाइपवर उभा राहू नको. वारा असेल तर आधी वाऱ्याकडची बाजू बांध.

घराजवळच काही बघायचं असेल तर माणगावहून कोलाड किती लांब आहे? कोकण रेल्वेची रो-रो १९९९ पासून चालू आहे, भरलेले ट्रक सपाट वाघिणीवर चढवून पुढे गोव्याकडे, सुरतकलकडे जातात, ड्रायव्हर-क्लीनर गाडीतच बसून. तिथे ट्रकच माल झालेला असतो. तो वाघिणीवर हलू नये म्हणून काय करतात ते बाहेरून जेवढं दिसेल तेवढं अर्धा तास बघ, बांधणं म्हणजे काय ते माझ्या लिहिण्यापेक्षा लवकर कळेल.

प्रश्न: मला ओरिएंटेशनच्या तिसऱ्या दिवशी परत पाठवलं. रिव्हर्स जमलं नाही, तीनदा ट्रेलर वाकडा गेला. गावात तोंड दाखवायची लाज वाटते. परत बोलावतील का?
*एक वाचक, खेड*

बोलावतात. आणि लाज कसली, ट्रेलरचं रिव्हर्स हे उलटंच असतं, स्टिअरिंग डावीकडे तर ट्रेलर उजवीकडे, डंपरवाल्याचे हात आधीचं सगळं विसरल्याशिवाय ते जमत नाही. तुझ्याकडे पॉवर टिलर किंवा ट्रॅक्टर-ट्रॉली मिळत असेल, भाताची कापणी झाली की खळं मोकळं असतं, तिथे ट्रॉली मागे घ्यायचा सराव कर, तत्त्व तेच आहे. ट्रॉली लहान असल्याने ती पटकन दुमडते, म्हणजे उलट कठीण आहे, ती जमली की ट्रेलर सोपा जाईल. अगदी हळू, क्लचवर, स्टिअरिंग थोडं थोडं. वाकडा जायला लागला की थांब, पुढे घे, सरळ कर, परत मागे ये. परीक्षेत पुढे घेण्याचे मार्क कापत नाहीत, न थांबता कुंपणाला लावलास की कापतात. गाडीतून उतरून मागे जागा बघून येणारा मुलगा ट्रेनरला आवडतो, हे मी ट्रेनर म्हणून सांगतोय. महिन्याभराने फोन कर आणि सांग की सराव केलाय.

प्रश्न: कंपनी म्हणते पहिले तीन महिने घाटात एकट्याला सोडणार नाही. हा अपमान नाही का? मी चिपळूणचा, कुंभार्ली लहानपणापासून बघतोय.
*एक वाचक, चिपळूण*

बघतोयस, बरोबर आहे, पण एसटीच्या खिडकीतून आणि ४० टनांच्या केबिनमधून दिसणारा घाट एकच नसतो रे भावा. तुझी कंपनी चांगली आहे असं मी म्हणेन. ज्या कंपन्या पहिल्याच आठवड्यात नव्या मुलाला भरलेला ट्रेलर देऊन आंबा घाटात किंवा करूळ घाटात सोडतात त्यांच्यापासून लांब राहा.

उतार सुरू व्हायच्या आधी, वरच थांबायचं, चेन बघायच्या, हवेचा काटा बघायचा, आणि गिअर खालचा टाकूनच उतरायला लागायचं. मध्येच गिअर काढायला गेलास आणि तो परत पडला नाही तर गाडी न्यूट्रलमध्ये, मग देव आठवतो. इंजिन ब्रेक, एक्झॉस्ट ब्रेक चालू ठेवायचा. पाय ब्रेकवर सतत ठेवून उतरायचं नाही, ड्रम तापतो, तापला की लायनिंग पकडत नाही, तू दाबतोयस आणि गाडी ऐकत नाही. वेग कमी करण्यापुरता ब्रेक लाव, सोड, गार होऊ दे. जळका वास आला तर जागा बघून थांब आणि तापलेल्या ड्रमवर पाणी ओतू नको, तडकतो. डिझेल वाचवायला न्यूट्रलमध्ये उतरणारे वस्ताद तुला भेटतील, वयाने मोठे असतील, मान ठेव, पण ते ऐकू नको.

कशेडी घाटाला आता बोगदा झालाय, चांगलंच झालं. परशुराम घाटात पावसात दरडीचं भान ठेव, रस्ता बंद म्हणून बोर्ड लावला असेल तर उलटसुलट वाटा शोधत बसायचं नाही, गावातल्या अरुंद रस्त्यात ट्रेलर अडकला की काढायला दिवस जातो. हे तीन महिने शेजारी बसलेल्या माणसाला प्रश्न विचारून विचारून भंडावून सोड.

प्रश्न: माझा भाचा अमेरिकेत कायमचा स्थायिक आहे, तिथे ट्रकचं लायसन्स काढून तो आता एका फ्लॅटबेड कंपनीच्या ओरिएंटेशनला निघालाय. तिथे काय वेगळं असतं? बहिणीला काळजी लागून राहिलीय.
*एक वाचक, गुहागर*

माझा एक जुना सहकारी गुहागरकडचाच, त्याचा मुलगा तिकडे हेच काम करतो, त्याच्याशी दर महिन्याला बोलणं होतं. सगळ्या कंपन्यांचं सारखं नसतं पण साधारण असं, तीन-चार दिवस ते आठवडाभर कंपनीच्या टर्मिनलवर बोलावतात, राहायला हॉटेलात ठेवतात, कधी कधी दोघांना एका खोलीत. पहिल्या दिवशी लघवीची ड्रग टेस्ट आणि मेडिकल. मेडिकल कार्ड जास्तीत जास्त दोन वर्षांचं. आणि भाच्याला एक आवर्जून सांगा, तिथल्या बऱ्याच राज्यांत गांजाला परवानगी आहे पण ट्रक ड्रायव्हरला केंद्राच्या नियमाने बंदी आहे ती आहेच, टेस्टमध्ये सापडला की पुढची नोकरी मिळणं कठीण, कारण २०२० पासून असल्या टेस्टची देशभरची एकच नोंद ठेवतात आणि प्रत्येक कंपनीला ती बघावीच लागते. इंग्रजी बोलता-वाचता येणं हाही तिथे नियमच आहे, पाट्या वाचायच्या, पोलिसाला उत्तर द्यायचं.

मग आपल्यासारखंच, रोड टेस्ट आणि बांधणी, पण तिथे बांधणी अगदी आकड्यात असते. सगळ्या चेन-बेल्टची सुरक्षित क्षमता मिळून मालाच्या वजनाच्या निम्मी तरी हवी. त्यांच्याकडे ७० ग्रेडची तीन सुती, म्हणजे ३/८ इंची चेन चालते, तिची क्षमता ६,६०० पौंड, जवळजवळ तीन टन. ४ इंची बेल्टची ५,४०० पौंड, अडीच टनाला थोडी कमी. म्हणजे २० टनाच्या कॉइलला १० टनांची बांधणी, चार चेन तरी पाहिजेतच, आणि शहाणा ड्रायव्हर पाचवी टाकतो. लांब मालाला पहिल्या दहा फुटांना दोन आणि पुढे दर दहा फुटांना किंवा त्याच्या तुकड्याला एक, असा साधा हिशोब. निघाल्यावर पहिल्या ५० मैलांत म्हणजे ८० किलोमीटरच्या आत थांबून तपासायचं, पुढे दर १५० मैल किंवा तीन तास, जे आधी येईल ते. मी वर नागोठण्याचा चहा सांगितला तो हाच नियम, फक्त आम्ही तो अनुभवाने शिकलो.

तासांचंही तिथे मशीनवर चालतं. १० तास सुट्टी झाल्यावर १४ तासांच्या आत जास्तीत जास्त ११ तास गाडी चालवायची, ८ तास चालवल्यावर अर्धा तास थांबायचंच. हे आपल्याकडे इतक्या काटेकोरपणे पाळलं गेलं असतं तर माझे दोन मित्र आज असते.

ओरिएंटेशननंतर नव्याला काही आठवडे ट्रेनरबरोबर एकाच केबिनमध्ये राहायला लागतं, तिथेच झोपायचं, तिथेच खायचं. माणूस कसा भेटेल सांगता येत नाही. जमत नसेल तर दुसरा ट्रेनर मागता येतो, मागावा, गप्प बसून कुढत राहू नये. हिवाळ्यात बर्फ साचलेली ताडपत्री घालणं हे सगळ्यात वाईट काम असतं म्हणतो तो मुलगा, बोटं बधिर होतात. बहिणीला सांगा लोकरीचे हातमोजे नको पाठवू, ते भिजतात, तिथे चांगले मिळतात.

प्रश्न: माझो झील गेल्या आठवड्यात पेणला ट्रेलरच्या कंपनीत लागलो. पाच दिवस शिकवणार म्हणे. फोन केला तर उचलत नाही, जीव टांगणीला लागतो. मी त्याला काय विचारू, काय सांगू?
*एक आई, राजापूर*

ताई, फोन उचलत नाही हे चांगलं लक्षण आहे. यार्डात फोन खिशात ठेवू देत नाहीत आणि गाडी चालवताना उचलायचा नसतोच. त्याच्याशी एक वेळ ठरवून घ्या, रात्री जेवताना म्हणा, आणि मधे तुम्ही करू नका. तुमचा फोन वाजला की मुलगा आईचा म्हणून बघतोच, आणि घाटात तेवढी एक नजर पुरते.

विचारायच्या गोष्टी सांगतो. विमा काढला का आणि वारस म्हणून कोणाचं नाव दिलं. पीएफ कापतात का. क्लीनर देतात की एकट्याला जायचं. रात्री झोपायला कुठे थांबतात, केबिनमध्ये की रूमवर. गाडी जुनी आहे की नवीन, १ ऑक्टोबर २०२५ नंतर बनलेल्या ट्रकला एसी केबिन असावीच लागते, म्हणजे उन्हाळ्यात जरा तरी सुसह्य. सांगायचं एकच, की बांधणी नीट झाली नाही असं वाटलं तर निघायचं नाही, सुपरवायझर ओरडला तरी. मुलं ओरड्याला घाबरून निघतात हो. घरून कोणीतरी सांगितलेलं असलं ना, की नोकरी गेली तर गेली, तू आधी चेन बघ, तर त्या वेळेला पोराच्या पायात बळ येतं. हे तुम्हीच सांगा, माझ्यापेक्षा तुमचं ऐकेल.

आणि गणपतीचं आताच बोला. गणपतीच्या दिवसांत आपल्या हायवेवर अवजड गाड्यांना बंदी घालतात, म्हणजे ट्रेलर उभाच राहणार, पण तो पेणच्या यार्डात उभा राहील की माल घेऊन कर्नाटकात कुठेतरी, हे त्याच्या आधीच्या आठवड्यातल्या ट्रिपवर ठरतं. म्हणून रजेचा अर्ज महिनाभर आधी लेखी द्यायला सांगा, आणि शिकवणी संपायच्या आत साहेबांच्या कानावर घालायला सांगा की आमच्याकडे गणपती असतो.